घाण्याच्या तेलालाही प्रत हवी

बेंगळुरूच्या जयनगर, मल्लेश्वरम भागांतील दुकानांत ऑलिव्ह तेलाच्या शेजारीच आता लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल मांडलेले दिसते. ऑलिव्हच्या बाटल्यांवर एक्स्ट्रा व्हर्जिन, प्युअर, लाइट, पोमेस अशी निरनिराळी नावे असतात. घाण्याच्या बाटलीवर बहुधा एकच, ‘लाकडी घाण्याचे’. हा फरक केवळ नावांचा नाही.

ऑलिव्हची प्रतवारी मोजमापावर उभी आहे. केवळ यांत्रिक पद्धतीने काढलेले, मुक्त मेदाम्ले ०.८ टक्क्यांपर्यंत असलेले आणि चवीच्या परीक्षेत निर्दोष ठरलेले तेल ते एक्स्ट्रा व्हर्जिन. २ टक्क्यांपर्यंतचे व्हर्जिन. फार खालावलेले तेल शुद्ध करून त्यात थोडे व्हर्जिन मिसळले, की ‘प्युअर’ किंवा ‘लाइट’ तयार होते. (‘लाइट’मध्ये उष्मांक कमी नसतात, रंग आणि वास तेवढे सौम्य असतात.) पोमेस हे चोथ्यातून द्रावकाने काढलेले, तळणासाठी म्हणून आपल्याकडे खपते ते प्रामुख्याने हेच.

ही आम्लता वाढवणाऱ्या कारणांत एक कीटक आहे. ऑलिव्ह फळमाशीची अळी गर पोखरते, तिच्या छिद्रातून बुरशी शिरते आणि तेलाचे विघटन फळातच सुरू होते. भूमध्य समुद्राकाठचा बागायतदार सापळे लावतो, काढणी लवकर उरकतो. माशीने केलेले नुकसान त्याला प्रतीत आणि म्हणून दरात दिसते.

भुईमुगातही असेच घडते, दरात मात्र उमटत नाही. चळ्ळकेरे, पावगडच्या कोरडवाहू पट्ट्यात अखेरच्या टप्प्यात पावसाने ओढ दिली, की वाळवी टरफले कुरतडते, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस बुरशीला वाट मिळते आणि दाण्यात अफ्लाटॉक्सिन तयार होते. साठवणीत भुंगेरा उरलेले काम करतो. रिफायनरीत अल्कली आणि विरंजक मातीच्या प्रक्रियेत हे विष बहुतांशी निघून जाते. घाण्याच्या तेलाला निवळणे आणि गाळणे एवढाच आधार. विषाचा मोठा अंश पेंडीत राहतो, म्हणजे गोठ्यात जातो आणि तेथून दुधात. घाण्याच्या तेलाविषयीचा अभिमान रास्तच आहे. परंतु त्याची शुद्धता लाकडावर नव्हे, दाण्यावर ठरते.

अ‍ॅगमार्कमध्ये शेंगदाणा तेलाच्या प्रती ठरलेल्या आहेत. लहान घाणेवाले त्या वाटेला क्वचितच जातात, आणि खर्च पाहता त्यांना दोष देता येत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांना मात्र ते जमावे. सामाईक तपासणी करून बाटलीवर आम्लता, अफ्लाटॉक्सिनचा निष्कर्ष आणि हंगाम छापावा. निवडलेल्या, ८ टक्क्यांच्या आत ओलावा असलेल्या दाण्याला वेगळा दर द्यावा. आज वाळवीने कुरतडलेली शेंग त्याच पोत्यात, त्याच भावाने जाते. विस्तार कार्यकर्ता वाळवीचे नियंत्रण समजावू लागला, की शेतकरी विचारतो, “यानं भाव किती वाढंल?” त्या प्रश्नाला कार्यकर्त्याकडे आज उत्तर नाही.