सोडून दिलेली गादी

ऑगस्ट उजाडला की महाराष्ट्राला स्वातंत्र्याची आठवण होते. नऊ तारखेला मुंबईच्या गवालिया टँकवर, म्हणजे आताच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर, स्मारकाला फुले वाहिली जातात. पंधराला गावोगावच्या शाळांत ओल्या पटांगणावर मुले रांगेत उभी राहतात. हे व्हायलाच हवे. पण याच महिन्याच्या तीन तारखेला, १९२९ साली, नेदरलँड्समधल्या ओमेन गावाजवळच्या रानात स्वातंत्र्याविषयीच एक गोष्ट घडली होती. तिची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही. २०२९ साली तिला शंभर वर्षे होतील. शताब्दीचे हारतुरे सुरू होण्याआधीच तिच्याविषयी शांतपणे बोललेले बरे.

मदनपल्लीला जन्मलेला जिद्दू कृष्णमूर्ती हा महसूल खात्यातल्या एका अधिकाऱ्याचा मुलगा. निवृत्तीनंतर वडील थिऑसॉफिकल सोसायटीच्या आश्रयाने मद्रासजवळ अड्यारला राहायला आले. १९०९ साली तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर हा किडकिडीत, शाळेत मठ्ठ समजला जाणारा मुलगा सोसायटीचे एक पुढारी लेडबीटर यांच्या नजरेस पडला आणि त्यांनी ठरवून टाकले की येणारा जगद्गुरू याच्याच देहातून बोलणार. १९११ मध्ये त्याच्यासाठी एक संघ उभा राहिला. वडिलांनी मुलांचा ताबा परत मागितला, खटला मद्रास उच्च न्यायालयातून थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि शेवटी सोसायटीच्या अध्यक्ष ॲनी बेझंट यांच्या बाजूने लागला. ज्या बाई टिळकांच्या बरोबरीने होमरूलची चळवळ चालवत होत्या, पुढे काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, त्यांनीच या मुलासाठी गादी तयार करून ठेवली होती. त्यांच्या प्रेमाविषयी शंका घ्यायला जागा नाही. प्रेमाने बांधलेली बेडी काढायला अधिक कठीण असते, एवढेच.

१९२५ साली धाकटा भाऊ नित्यानंद क्षयाने गेला. त्याला काही होणार नाही, अदृश्य गुरुजन त्याला सांभाळतील, असे आश्वासन होते आणि कृष्णमूर्तींचा त्यावर विश्वासही होता. कृष्णमूर्तींची भारताकडे निघालेली बोट सुएझच्या आसपास असताना मृत्यूची तार आली. त्यानंतरचे दिवस त्यांनी केबिनमध्ये रडून काढले, असे बरोबरच्यांनी लिहून ठेवले आहे. आमच्या मते ओमेनची सुरुवात या बोटीवर झाली. आश्वासनावर उभे असलेले मन ते खोटे ठरताच दुसरे आश्वासन शोधू लागते. आपण सगळेच तसे करतो. या माणसाने दुसरे शोधले नाही.

चार वर्षांनी ओमेनच्या मेळाव्यात सुमारे तीन हजार लोक जमले होते. एक्याऐंशी वर्षांच्या ॲनी बेझंट समोर बसल्या होत्या. चौतीस वर्षांच्या कृष्णमूर्तींनी तिथे संघ विसर्जित केल्याचे जाहीर केले. सत्यापर्यंत नेणारा आखीव रस्ता नसतो, म्हणून कोणतीही संस्था कोणाला तिथवर पोचवू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याला शिष्य नकोत, माणूस पूर्ण मुक्त व्हावा एवढेच हवे आहे, असे सांगून ते थांबले. देणगीत मिळालेल्या जमिनी आणि पैसा ज्याचा त्याला परत गेला. समोरच्यांपैकी कित्येकांनी आयुष्यातली उमेदीची वर्षे त्या संघाला दिली होती. त्यांना त्या दिवशी काय वाटले असेल, याचाही विचार करावासा वाटतो. हातातली काठी काढून घेतल्यावर आपण लंगडे नव्हतोच, हे सगळ्यांनाच लगेच कळते असे नाही.

सत्ता सोडणाऱ्यांच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि आपण त्यांना त्याग म्हणून हात जोडतो. ओमेनला त्याग म्हणावेसे वाटत नाही, कारण तिथे मुद्दा गादीवर बसणाऱ्याचा नव्हता. गादी तयार होते ती खाली बसणाऱ्यांच्या भीतीतून. मला कळत नाही, कोणीतरी सांगा. माझे मीच पाहिले तर चुकेन, म्हणून तुम्ही पाहा. ही भीती कायम असेल तर एक गादी मोडली तरी संध्याकाळपर्यंत दुसरी घातली जाते. कृष्णमूर्ती पुढची छप्पन्न वर्षे देशोदेशी बोलत राहिले, ते या भीतीविषयी.

मराठी माणसाचा मनाशी व्यवहार जुना आहे. आपण मन मारतो, मन राखतो, मन घट्ट करतो, मनात मांडे खातो, आणि मन चिंती ते वैरी न चिंती असे म्हणून त्याला घाबरतोही. समर्थांनी तर मनाला समोर बसवून दोनशे पाच श्लोक ऐकवले. या सगळ्यात एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते: मन निराळे आणि त्याला वळण लावणारा 'मी' निराळा. कृष्णमूर्तींनी नेमके इथे बोट ठेवले. रागावलेला मी आणि रागाला आवरणारा मी, हे दोघे कुठून आले? आवरणारा कोण, हे नीट पाहिले तर तिथे घरातले संस्कार, जातीने शिकवलेला तोरा किंवा संकोच, शाळेतल्या शिक्षा, वाचलेली पुस्तके, जुने अपमान यांचेच गाठोडे सापडते. तोही विचारच आहे, फक्त साहेबाच्या खुर्चीत बसलेला. १९४७ नंतर गोरा कलेक्टर जाऊन आपला कलेक्टर आला, पण दाराबाहेर उभ्या माणसाचे उभे राहणे तसेच राहिले, ही तक्रार आपण नेहमी करतो. मनाच्या आतही तेच चालते. एक विचार दुसऱ्या विचारावर राज्य करतो आणि आपण त्याला संयम म्हणतो.

दहावीच्या निकालाच्या दिवसाचे उदाहरण घ्या. मुलीला अठ्ठ्याऐंशी टक्के पडतात. ती धावत येऊन सांगते. तेवढ्यात शेजारच्या मुलाचे चौऱ्याण्णव बापाच्या कानावर आलेले असतात. "वा, छान हं," तो म्हणतो, पण अर्ध्या क्षणाने उशिरा. मुलीला तो अर्धा क्षण कळतो. पुढे तीस वर्षांनीही तिला पेढ्यांची चव आठवत नाही, तो अर्धा क्षण आठवतो. बाप वाईट नाही. रात्री त्याला स्वतःचीच लाज वाटते आणि उद्यापासून तुलना करायची नाही, असे तो ठरवतो. इथेच गफलत आहे. 'तुलना न करणारा बाप' ही त्याच्या मनातली नवी पायरी झाली, आणि आजच्या स्वतःची त्या पायरीशी तुलना सुरू झाली. कृष्णमूर्ती या बापाला कोणताही उपाय देत नाहीत, आणि अनेकांचा त्यांच्यावर राग आहे तो यासाठीच. ते एवढेच सुचवतात की तो अर्धा क्षण, तो घडत असतानाच, नाव न ठेवता, सबब न सांगता, पुरता पाहा. पोटात काहीतरी खाली गेल्यासारखे झाले, ओठांवर हसू आणावे लागले, मुलीचा चेहरा क्षणभर दिसेनासा झाला. एवढे सगळे खरोखर दिसले, तर पुढच्या श्वासाला मुलीचा चेहरा परत दिसतो. आतल्या स्वातंत्र्याचा अर्थ आम्हाला एवढ्याच आकाराचा समजतो. तो हिमालयात किंवा समाधीत शोधावा लागत नाही; स्वयंपाकघराच्या दारात, निकालाच्या दुपारी, त्याची गरज पडते.

यावर एक जुना आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ओमेनच्या ज्या जागेवर माणसाच्या मुक्तीचे हे बोल उमटले, तिथेच १९४२ मध्ये जर्मन ताब्यातल्या नेदरलँड्समधली एक बंदी छावणी उभी राहिली. कॅम्प एरिका तिचे नाव. ज्या जमिनीवर साधकांचे तंबू होते, तिथे कैद्यांना मारहाण झाली, माणसे मेली. मन स्वच्छ पाहणाऱ्या मोजक्यांमुळे काटेरी कुंपणे अडत नाहीत, हे ती जमीनच सांगते. कुंपण तोडायला माणसे जमवावी लागतात, पत्रके छापावी लागतात, एका हाकेला ओ देणारी शिस्त लागते. तेच १९४२ साल आपल्याकडे 'चले जाव'चे होते.

त्या वर्षी ९ ऑगस्टला पकडलेले काँग्रेसचे पुढारी नगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथे लिहिले. आणि त्याच नगरचे अच्युत पटवर्धन मात्र बाहेर, भूमिगत होऊन, पोलिसांना हुलकावण्या देत चळवळ चालवत होते. साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या पाठीशी ते होते. सरकारला ते अखेरपर्यंत सापडले नाहीत. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, विद्वान, देखणे, लोकांच्या गळ्यातले ताईत. स्वातंत्र्य आल्यावर अशा माणसापुढे काय काय वाढून ठेवले असेल, ते सांगायला नको. १९५० च्या सुमारास त्यांनी राजकारण सोडले, बनारसला जाऊन शिकवू लागले, आणि कृष्णमूर्तींच्या कामाशी आयुष्यभर जोडलेले राहिले. त्यांचे घर थिऑसॉफीच्या वळणाचे होते, त्यामुळे ही ओळख जुनीच होती.

पटवर्धनांनी पळ काढला, असे तेव्हाही म्हटले गेले. महाराष्ट्राच्या समाजवादी राजकारणाने आपला एक उत्तम माणूस गमावला, हे खरेच आहे, आणि त्याची हळहळ आम्हालाही वाटते. पण ज्याने चार वर्षे डोक्यावर वॉरंट घेऊन काढली, त्याला भित्रा कसे म्हणायचे? राज्य बदलले तरी राज्य करण्याची हाव माणसांत जशीच्या तशी उरते, सहकाऱ्यांत उरते, आपल्यातही उरते, हे त्यांनी जवळून पाहिले असणार. बाहेरच्या लढाईत इतका पुढे गेलेला माणूस आत वळतो, तेव्हा त्याला पाठ दाखवणे म्हणता येत नाही. लढाई जिथे अपुरी राहिली होती, तिथे तो गेला.

त्याच काळात, महाराष्ट्राच्या मातीत, याच प्रश्नाचे अगदी वेगळे उत्तर दिले जात होते. मनाची गुलामगिरी हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचाराचा कणा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. म्हणजे संघ आला, प्रतिज्ञा आली, शरण जाणे आले. कृष्णमूर्तींनी ज्यांना ज्यांना नकार दिला, ते सारे आले. आणि त्या दिवसानंतर हजारो घरांतली माणसे मान वर करून चालू लागली, हे कोणाला नाकारता येईल? ज्याला पिढ्यान्‌पिढ्या 'तू कोणी नाहीस' असे सांगितले गेले, त्याला 'तुझा मी सोडून दे' हे सांगणे क्रूर ठरते. आधी त्याला मी म्हणता यायला हवे. अड्यारच्या मुलाला जगाने गादी दिली होती, म्हणून ती त्याला सोडता आली. ही अडचण आम्हाला सोडवता आलेली नाही. दोन्ही उत्तरे खरी वाटतात आणि त्यांची गाठ सहजासहजी बसत नाही.

कृष्णमूर्तींच्या बाबतीतही सारे स्वच्छ नाही. त्यांच्या निकटच्या वर्तुळात वाढलेल्या राधा राजगोपाल स्लॉस यांनी १९९१ मधल्या पुस्तकात आपली आई आणि कृष्णमूर्ती यांच्या दीर्घ, झाकून ठेवलेल्या संबंधांविषयी लिहिले. भक्तांना ते सहन झाले नाही. आणि ज्याने शिष्य नकोत असे बजावले त्याचेही भक्त निघाले होते, हे त्या निमित्ताने उघडच झाले. वर्षानुवर्षे मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात त्यांची व्याख्याने होत. तीच माणसे दर वर्षी येऊन बसत, आणि तुम्ही का येता, हा प्रश्न ते त्यांना परतपरत विचारत. संघ मोडणे एका दुपारचे काम होते. श्रोत्याच्या मनातून गुरू काढणे त्यांना नव्वदाव्या वर्षापर्यंत जमले नाही.

तरी काही उरले आहेच. राजगुरुनगरजवळच्या तिवई टेकडीवर, चासकमानच्या पाण्याकडे पाहत, त्यांच्या विचाराने चालणारी सह्याद्री शाळा आहे. फासावर गेलेल्या क्रांतिकारकाचे नाव मिरवणाऱ्या गावाशेजारी भीतीशिवाय शिकता येईल का, याचा शोध घेणारी शाळा असावी, हा योग आम्हाला मोठा वाटतो. अशा मोजक्या जागा वगळल्या तर आपल्याभोवती काय दिसते? २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्याच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, भोंदूला त्याने शिक्षा होऊ शकते. बाबाच्या रांगेत उभे राहण्याची गरज मात्र कायद्याने जात नाही. ती रांग आता देवळाबाहेरच लागते असेही नाही. पक्षाच्या कार्यालयाबाहेर 'साहेब म्हणतील ते' म्हणत ती उभी असते. रात्री अंथरुणात, हातातल्या पडद्यावर, आज कोणाचा राग करायचा हे विचारत ती उभी असते.

अच्युत पटवर्धनांनी पुढची चार दशके अशा कुठल्याही रांगेबाहेर काढली. पद घेतले नाही, बेचाळीसच्या पराक्रमाच्या आठवणींवर जगले नाहीत. ५ ऑगस्ट १९९२ रोजी ते वाराणसीला वारले. क्रांतिदिनाचा सुवर्णमहोत्सव तेव्हा चार दिवसांवर आला होता.