एक्सप्लेनर : अमेरिकेत शाळांच्या तिजोरीची चावी कुणाकडे?

न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना मालमत्ता कराचं बिल चांगलंच ठाऊक आहे. राज्यात या कराचा साधारण निम्मा वाटा सरकारी शाळांना जातो. त्याचा हिशेब ठेवणारं पद म्हणजे ‘स्कूल बिझनेस अॅडमिनिस्ट्रेटर’.

काम काय?
शिक्षणाची बाजू सुपरिटेंडंट पाहतात. बजेट, पगार, टेंडर, स्कूल बस, इमारतींची दुरुस्ती ही बाजू यांची. अनेक ठिकाणी तेच शाळा मंडळाचे सचिवही असतात. बजेटच्या कोणत्याही खात्यात मंजुरीपेक्षा जास्त खर्च झालेला नाही, हे त्यांना दर महिन्याला मंडळाला लेखी द्यावं लागतं. दरवर्षी बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणीही होते.

अडचण कुठे?
काही अपवाद वगळता शाळांसाठीची करवसुली वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. आरोग्य विमा आणि विशेष शिक्षणाचा खर्च मात्र या मर्यादेत राहीलच असं नाही. त्यात केंद्राच्या शेवटच्या कोविड निधीतला खर्च निश्चित करण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. त्या पैशातून कायमची पदं भरली असतील, तर आता कात्री शिक्षकांवर किंवा बसमार्गांवर चालू शकते.

पालकांनी काय करावं?
अॅडमिनिस्ट्रेटर आकडे मांडतात, मंजुरी मंडळ देतं. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्याआधी बजेटवर जाहीर सुनावणी होते. तिथे एकच प्रश्न विचारा : एकदाच मिळालेल्या पैशावर दरवर्षीचा कोणता खर्च चालला आहे?