माकड, पाना आणि एक हिंट

गेल्या शनिवारी मी स्वतःला साठ मिनिटं कोंडून घेतलं. तेही पैसे देऊन!

झालं असं, की माझ्या एका मैत्रिणीच्या ऑफिसची टीम आउटिंग होती, एस्केप रूमला. सहा जणांचं बुकिंग. आयत्या वेळी एकाची तब्येत बिघडली (त्याची दर शनिवारी बिघडते म्हणे) आणि 'फ्रीलान्सर म्हणजे रिकामटेकडी' या जागतिक नियमानुसार मला फोन आला. म्हटलं, चला. पिझ्झा फुकट आहे.

आत कुठल्याशा बेपत्ता प्रोफेसरची अभ्यासिका. कुलूपबंद ड्रॉवर, बंद पडलेलं घड्याळ, अर्धी फाटलेली डायरी... सही माहोल! मी घड्याळाकडे निरखून बघत होते, तेवढ्यात टीम लीड म्हणाला, "हिंट मागू या का?"

किती मिनिटं झाली होती? नऊ.

"अरे, आपण अजून नीट शोधलंही नाहीये!"

"पण टाइम कशाला वेस्ट करायचा?"

मग आम्ही हिंट मागितली. मग आणखी एक. मग आणखी तीन. एक्केचाळिसाव्या मिनिटाला आम्ही बाहेर. टाळ्या, सेल्फी, ग्रुपवर फोटो. पिझ्झा खाताना मी सहज विचारलं, "कोडी आपण सोडवली, की त्या काउंटरवरच्या मुलाने?" सगळे दोन सेकंद गप्प. मग कुणीतरी म्हणालं, "चिल यार, इट्स अ गेम."

गेमच तर आहे! म्हणूनच घरी येताना रिक्षात मला एक माकड आठवत राहिलं.

साल २००७, मे महिन्याची सुट्टी. मी दहा वर्षांची, माझा चुलतभाऊ सतराचा. त्याची बारावी नुकतीच संपलेली. आम्ही निगडीला, काकांचं घर चिंचवडगावात. दादाने कुठून तरी 'शंभर गेम्स'वाली एक सीडी पैदा केली होती. त्यातल्या नव्वद गेम्समध्ये गाड्या आणि बंदुका. उरलेल्यांत एक विचित्र प्रकार, १९९१चा 'मंकी आयलंड २'. चाचा व्हायची हौस असलेला गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक बावळट पोरगा, आणि त्याच्या वाटेत कोडीच कोडी. बंदूक नाही, घड्याळ नाही, मरणंही जवळजवळ नाहीच. फक्त शोधायचं, उचलायचं, लोकांशी बोलायचं, आणि खिशातल्या वस्तूंचा काय उपयोग होतो ते डोकं लावून ठरवायचं.

आम्ही टोटल फिदा! दादाने त्यासाठी दोनशे पानी वही केली. कुठल्या बेटावर काय मिळालं, कोण काय बोललं, कुठली युक्ती फसली, सगळं त्यात. मी माझ्या घरी असले की रात्री लँडलाइनवरून फोन : "दादा, ती दोरी त्या बादलीला लावून बघितलीस?" आईला वाटायचं, पोरीला वेड लागलंय.

आणि मग आलं ते माकड. एका बारमध्ये पियानो वाजवणारं. पियानोवरच्या मेट्रोनोमवर केळं लावलं, की ते केळ्याकडे बघत स्तब्ध होतं, आणि त्याला सरळ उचलून खिशात टाकता येतं. इथपर्यंत आम्ही पोचलो. पण त्या माकडाचं करायचं काय? दुसरीकडे एका बेटावर धबधब्याचा पंप बंद करायचा होता, आणि तो काही केल्या हलत नव्हता. तीन आठवडे आम्ही अडकलो. तीन आठवडे!

गोष्ट इथे जरा थांबवते. कारण हे असले गेम नंतर गेले कुठे, हे सांगायचंय.

थोडा इतिहास. घाबरू नका, परीक्षेला नाहीये. १९७०च्या दशकाच्या मध्याला विल क्राउदर नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने एक गेम लिहिला. त्याला गुहांमध्ये हिंडायचा नाद, म्हणून गेमही केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहांवरून. त्याचा घटस्फोट झाला होता, मुली दुरावल्यासारख्या झाल्या होत्या. त्यांना आपल्याबरोबर खेळता येईल असं काहीतरी असावं, हाही त्यामागचा हेतू. त्यात चित्रं नाहीत, आवाज नाही, स्क्रीनवर नुसता मजकूर. १९७७मध्ये डॉन वूड्सने त्यात भर घातली. गेमचं नाव 'अ‍ॅडव्हेंचर', आणि त्यावरूनच अख्ख्या प्रकाराला नाव पडलं. म्हणजे या प्रकाराच्या मुळाशी तलवारबाजी वगैरे काही नाही. एक बाप आपल्या मुलींशी बोलायचं निमित्त शोधत होता.

मग १९८४मध्ये रोबर्टा विल्यम्सचा 'किंग्ज क्वेस्ट' आला. रंगीत जग आणि त्यात चालणारा-फिरणारा हीरो. १९८७च्या 'मॅनियाक मॅन्शन'मध्ये रॉन गिल्बर्ट आणि मंडळींनी टायपिंगची कटकट काढून माऊस हातात दिला. १९९३चा 'मिस्ट' तर सॉलिड हिट. साठ लाखांहून जास्त प्रती खपल्या, आणि २००२मध्ये 'द सिम्स'ने मागे टाकेपर्यंत पीसीवरचा सर्वाधिक खपाचा गेम तोच होता.

आणि तरीही दहाएक वर्षांत सगळं ओसरलं. फेब्रुवारी १९९९मध्ये 'किंग्ज क्वेस्ट'वाल्या सिएरा कंपनीचा कॅलिफोर्नियातल्या ओकहर्स्टचा जुना स्टुडिओ बंद झाला. 'मंकी आयलंड'वाल्या लुकासआर्ट्सने १९९८मध्ये टिम शेफरचा 'ग्रिम फँडँगो' काढला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण दुकानांत काही तो धावला नाही. २००० सालचा 'एस्केप फ्रॉम मंकी आयलंड' हा त्यांचा या प्रकारातला शेवटचा नवा गेम. २००४मध्ये तर 'सॅम अँड मॅक्स'चा बनत आलेला पुढचा भाग त्यांनी मधेच रद्द केला.

आता आरोपी कोण? पहिलं बोट सगळे 'डूम'कडे दाखवतात. डिसेंबर १९९३ला आलेला, धाड धाड गोळ्या, मित्रांबरोबर जोडून खेळता येणारा. त्यात तथ्य आहेच. गोळीबाराचा गेम शंभरदा खेळता येतो. अ‍ॅडव्हेंचर म्हणजे रहस्यकथा, एकदा खुनी कळला की संपलं. प्रत्येक सीन हाताने रंगवायचा, प्रत्येक संवाद लिहायचा, रेकॉर्ड करायचा, आणि लोक तो बघणार एकदाच. खर्च वाढत गेला, गिऱ्हाईक तेवढं वाढलं नाही. सिंपल हिशेब.

दुसरा आरोपी घरचाच. कोडी हळूहळू डोक्याला शॉट व्हायला लागली. १९९९च्या 'गेब्रियल नाइट ३'मधलं एक कोडं तर बदनामच आहे. आपल्याला एका मित्राचं सोंग घेऊन बाइक भाड्याने घ्यायचीय. त्यासाठी खोटी मिशी हवी. मग एका भोकाला चिकटपट्टी लावायची, मांजर तिथून पळालं की तिचे केस पट्टीला चिकटतात, ते मेपल सिरपने ओठावर लावायचे. आणि कळस म्हणजे, ज्याचं सोंग घ्यायचं त्या मित्राला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोला पेनने मिशी काढायची. यावर एरिक वोल्पॉ याने २०००मध्ये एक झणझणीत लेख लिहिला. त्याचं म्हणणं, अ‍ॅडव्हेंचर गेम्सचा कुणी खून केला नाही, ही आत्महत्या आहे.

पण माझ्या मते एक तिसरा आरोपी आहे, आणि तो माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. त्यासाठी परत माकडाकडे.

तीन आठवड्यांनी दादाचा पेशन्स संपला. तो चौकातल्या सायबर कॅफेत गेला आणि त्या गेमचं अख्खं सोल्यूशन प्रिंट करून घेऊन आला. अकरा पानं. उत्तर काय होतं माहितीये? ते माकड पंपाला लावून फिरवायचं! का? तर ज्याला आपण पाना म्हणतो, त्यातल्या एका प्रकाराला अमेरिकेत म्हणतात 'मंकी रेंच'. माकड म्हणजे पाना. हा जोक होता!

काकांचं भोसरीला छोटं वर्कशॉप होतं. दादाने त्यांना विचारलं तर ते हसतच सुटले. आतून एक तेलकट पाईप पाना घेऊन आले आणि माझ्या हातात ठेवला. "आमच्यात याला पाईप पाना म्हणतात. तीस वर्षं वापरतोय. माकड आज कळलं!"

आम्हीही हसलो. पण नंतर काय झालं, ते त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. ती अकरा पानं कॉम्प्युटरशेजारीच राहिली. पुढच्या कोड्याला आम्ही दहा मिनिटं विचार केला आणि पान उलटलं. त्याच्या पुढच्याला दोन मिनिटं. मग पानंच समोर धरून क्लिक करत गेलो. जो गेम सुट्टीभर पुरला असता, तो दोन संध्याकाळींत संपला. वहीत त्यानंतर एक ओळ नाही. रात्रीचे फोनही बंद. विचारायला काही उरलंच नव्हतं ना!

हिंट काही इंटरनेटने जन्माला घातली नाही. इन्फोकॉम नावाची कंपनी १९८०च्या दशकात अदृश्य शाईने छापलेल्या हिंट्सच्या पुस्तिका विकायची, खास पेन फिरवलं की उत्तर उमटणारं. सिएराची पैसे घेऊन हिंट देणारी फोनलाइन होती. पण त्यासाठी पैसे लागत, वाट बघावी लागे, थोडी लाजही वाटे. तोपर्यंत माणसं अडकून राहत, आणि अडकलेली माणसं एकमेकांना विचारत. तीस तासांच्या गेममधले वीस तास हे अडकण्याचेच असायचे, आणि खरा गेम तोच होता. उत्तर फुकट आणि हाताशी आल्यावर उरले दहा तास. मग आपणच म्हणायला मोकळे, 'काय छोटा गेम आहे, पैसे वाया!'

आता असंही नाही, की हा प्रकार मेलाय. २०१२मध्ये टिम शेफरने नव्या अ‍ॅडव्हेंचर गेमसाठी लोकांकडे थेट चार लाख डॉलर मागितले. ८७ हजारांहून जास्त लोकांनी मिळून ३३ लाखांवर डॉलर दिले! त्याच वर्षी टेलटेल कंपनीचा 'द वॉकिंग डेड' तुफान चालला. पण त्यात कोडी नावापुरती. अडकायची सोयच नाही, फक्त कुणाला वाचवायचं आणि कुणाशी खोटं बोलायचं ते ठरवायचं. त्याच साच्याचे गेम ते काढत राहिले, आणि २०१८मध्ये बहुतेक सगळ्या स्टाफला घरी पाठवून कंपनीने शटर ओढलं. जुने गेम मात्र झकास नव्या रूपात परत आलेत. 'ग्रिम फँडँगो' २०१५मध्ये, 'डे ऑफ द टेंटॅकल' २०१६मध्ये. वीकेंडला सुरुवात करायचीच असेल तर दुसरा घ्या. हसून हसून पोट दुखेल.

आणि २०२२मध्ये खुद्द रॉन गिल्बर्ट 'रिटर्न टू मंकी आयलंड' घेऊन परतला. या गेममध्येच एक हिंट बुक दिलंय, गायब्रशच्या खिशात! बरोबरच आहे. आपण नेटवर जाऊन उत्तर बघणार, हे त्याला पक्कं ठाऊक.

एस्केप रूमहून आल्यावर त्याच रात्री मी तो गेम घेतला. आणि पहिल्याच भागात अडकले. लेचकच्या जहाजावर नोकरी मिळवायला फरशी पुसायचा मॉप हवाय, आणि मला काही तो मिळेना. हिंट बुकवर दोनदा कर्सर नेला, दोनदा मागे घेतला.

खरं सांगू? मॉप हे निमित्त होतं. दादा हल्ली बंगळुरूला असतो. चिंचवडगावातलं आजीचं घर बिल्डरला द्यायचं ठरलं तेव्हा बाबा आणि काकांचं वाजलं. आमचं दोघांचं काहीच भांडण नाही, एका शब्दाचंही नाही. तरी चौदा महिने झाले, आम्ही वाढदिवसाला केकचा इमोजी पाठवण्यापलीकडे बोललो नव्हतो. काय बोलणार? घराचा विषय काढला तर पंचाईत, नाही काढला तर खोटं खोटं. तिथे मात्र मी कुणाला हिंट मागितली नव्हती. सरळ गेमच बंद करून टाकला होता.

रविवारी सकाळी मी स्क्रीनचा फोटो काढून त्याला पाठवला. खाली लिहिलं, "अडकलेय."

दोन तास काहीच नाही. मग : "हा नवीन निघालाय??"

"२०२२चा."

"उत्तर बघितलंस?"

"नाही."

"बघू नकोस. मी डाउनलोड करतोय."

रात्री साडेनऊला त्याचा फोन आला, थेट व्हिडिओ कॉल. तासभर आम्ही दोघं त्या बेटावरचं एकेक दार ठोठावत होतो. तो अजूनही प्रत्येक माणसाशी सगळे संवाद बोलून बघतो, एकही सोडत नाही. मला आधी राग यायचा. मॉप काही मिळाला नाही. शेवटी तो म्हणाला, "उद्या परत. आणि बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात, तुला कळलं का?"

मला कळलं नव्हतं. मग आणखी अर्धा तास त्यावर बोललो. घरावरही बोललो, थोडं. ते कोडं सुटलेलं नाही. त्याचं सोल्यूशन कुठल्या सायबर कॅफेत मिळत नाही.

फोन ठेवताना दादा म्हणाला, "ए, आज काय काय ट्राय केलं ते लिहून ठेवलंस ना?"

आत्ताच खाली जाऊन दोनशे पानी वही घेऊन आलेय.