चांगी ते सहार: विलगीकरणाचा हिशेब

सिंगापूरने २९ नोव्हेंबर २०२१ रोजी भारतातून येणाऱ्या लसवंत प्रवाशांना विलगीकरणाविना प्रवेश देण्यास सुरुवात केली. चेन्नई, दिल्ली आणि मुंबई या तीन शहरांतून प्रत्येकी दोन, अशी रोज सहा विमाने या मार्गासाठी मुक्रर झाली. त्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, १ डिसेंबरपासून, भारत सरकारची नवी नियमावली लागू झाली आणि ओमायक्रॉनच्या धास्तीने तयार झालेल्या 'जोखमीच्या' देशांच्या यादीत सिंगापूरचेही नाव आले. म्हणजे मुंबईहून चांगीला उतरणारा प्रवासी चाचणीचा निकाल येताच मोकळा, आणि चांगीहून मुंबईला उतरणारा मात्र विमानतळावरच निकालाची वाट पाहणार, त्यानंतर सात दिवस घरात राहणार आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी देणार. वीस महिने बंद असलेला दरवाजा एका बाजूने उघडला त्याच आठवड्यात दुसऱ्या बाजूने त्याला कडी लागली.

महाराष्ट्राने त्यावर आणखी एक कुलूप घातले होते. राज्य सरकारच्या ३० नोव्हेंबरच्या आदेशानुसार जोखमीच्या देशांतून येणाऱ्या प्रत्येकाला सात दिवसांचे संस्थात्मक विलगीकरण सक्तीचे झाले. दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी चाचणी आणि त्यापुढे घरी आणखी सात दिवस. केंद्रीय आरोग्य सचिवांनी दुसऱ्याच दिवशी पत्र पाठवून राज्याचा आदेश केंद्राच्या नियमांशी विसंगत असल्याचे कळवले. २ डिसेंबरला राज्याने आदेश सुधारला. सक्तीच्या संस्थात्मक विलगीकरणासाठी दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना आणि झिम्बाब्वे एवढीच नावे उरली. या तीन दिवसांत सिंगापूरहून मुंबईचे तिकीट काढलेल्या माणसाला आधी सात दिवस हॉटेलात, मग सात दिवस घरी, असे दोन वेगवेगळे भविष्य वाचावे लागले. तिकीट तेच होते.

ओमायक्रॉनची भीती निराधार होती, असे कोणी म्हणणार नाही. ४ डिसेंबरला राज्यातला पहिला रुग्ण कल्याण-डोंबिवलीत सापडला, तोही दक्षिण आफ्रिकेहून दुबई आणि दिल्लीमार्गे आलेला. परंतु तो दिल्लीत उतरून देशांतर्गत विमानाने मुंबईला आला होता, ही बाब बारकाईने पाहण्यासारखी आहे. एका राज्याने आपल्या विमानतळावर कितीही कडक पहारा बसवला, तरी देशाचे दार एकच नसते. सिंगापूरला हा प्रश्न पडत नाही. तिथे नगर, राज्य आणि राष्ट्र या तिन्ही सीमा एकच आहेत, आणि त्या सीमेवरचा अंमलही एकाच सरकारचा आहे.

सिंगापूरच्या नियमांची कठोरता मात्र सौम्य शब्दांत सांगता येणार नाही. २३ मार्च २०२० च्या रात्री ११.५९ पासून अल्पकालीन पाहुण्यांना प्रवेश बंद झाला. कामाचा परवाना असलेल्यांनाही परत येण्यापूर्वी मनुष्यबळ मंत्रालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. ९ एप्रिलपासून परतणाऱ्या प्रत्येकाची रवानगी ठरवून दिलेल्या हॉटेलांत होऊ लागली: चौदा दिवस, एक खोली, दाराबाहेर ठेवलेले जेवण. सुरुवातीला हा खर्च सरकारने उचलला. १७ जून २०२० नंतर येणाऱ्या परवानाधारकांना चौदा दिवसांच्या मुक्कामाचे २,००० सिंगापूर डॉलर आणि चाचणीचे २०० डॉलरपर्यंत स्वतः अथवा कंपनीने भरायचे, असे ठरले. रुपयांत ही रक्कम माणशी एक लाखाच्या वर जाते. चौघांच्या कुटुंबासाठी ती सुट्टीची नव्हे, एखाद्या लग्नाच्या खर्चाची बाब होती.

पैशापेक्षा दिवसांचा हिशेब अधिक बोलका आहे. २०२० च्या उन्हाळ्यात भारतात उतरणाऱ्याला सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक आणि सात दिवस गृहविलगीकरण होते. समजा, सिंगापूरच्या एखाद्या बँकेतील मराठी अधिकाऱ्याला पुण्याच्या कार्यालयात तीन दिवसांचे काम निघाले. जाण्याचे चौदा, कामाचे तीन, परतीचे चौदा, म्हणजे तीन दिवसांसाठी एकतीस. असा प्रवास कोणती कंपनी मंजूर करील? अर्थातच कामे पडद्यावर सरकली, आणि त्यातली पुष्कळशी तिथेच राहिली. ज्या भेटी टाळणे अशक्य होते त्या तेवढ्या उरल्या: यंत्र बसवणे, कारखान्याची तपासणी, सही होण्यापूर्वीची शेवटची बैठक. आणि आईवडिलांचे आजारपण. त्याला व्यावसायिक प्रवास म्हणत नाहीत, पण परदेशस्थ मराठी माणसाच्या जाण्यायेण्यातला केवढा तरी भाग त्याने व्यापलेला असतो. भारताच्या मे २०२० च्या नियमांत कुटुंबातील मृत्यू, गंभीर आजार, गर्भारपण आणि दहा वर्षांखालील मुलांसोबतचे पालक यांना संस्थात्मक विलगीकरणातून सूट मिळू शकत होती, हे येथे नोंदवायला हवे. आपल्याकडच्या नियमांत गोंधळ असतो, तशी माणुसकीची फटही असते.

व्यापारावर जगणाऱ्या देशाला दार फार काळ लावून बसणे परवडत नाही. चांगी विमानतळावरून २०१९ मध्ये ६ कोटी ८३ लाख प्रवाशांनी ये-जा केली होती. २०२० मध्ये ती संख्या १ कोटी १८ लाखांवर आली, आणि त्यातलेही बहुतेक पहिल्या तिमाहीतले. म्हणून सिंगापूरने जून २०२० पासूनच व्यावसायिकांसाठी खिडक्या उघडायला आरंभ केला. पहिली खिडकी चीनच्या सहा प्रांत-महानगरांसाठी, त्यानंतर मलेशिया, ब्रुनेई, दक्षिण कोरिया, जपान. यजमान कंपनीने हमी घ्यायची, पाहुण्याने पहिले चौदा दिवस ठरल्या कार्यक्रमानुसारच हिंडायचे, सार्वजनिक वाहनात बसायचे नाही. भारतासाठी मात्र अशी व्यावसायिक खिडकी कधीच उघडली नाही.

या प्रयोगांतला सर्वांत विलक्षण प्रयोग चांगीजवळच्या सिंगापूर एक्स्पोच्या दालनांत उभा राहिला. 'कनेक्ट अ‍ॅट चांगी' असे त्याचे नाव. तेमासेकच्या पुढाकाराने एका उद्योगसमूहाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तो सुरू केला. जगातल्या कोणत्याही देशातून आलेला व्यावसायिक विमानतळावरून थेट तेथे जाणार, तेथेच राहणार, वारंवार चाचणी देणार आणि सिंगापुरातील माणसांना हवाबंद काचेच्या पलीकडून भेटणार. पाहुण्याला एका दाराने प्रवेश, यजमानाला दुसऱ्या दाराने. मधली काच पुसणारा कर्मचारी कोणत्या बाजूचा, हा प्रश्न कोणाच्या तरी मनात आलाच असेल. पहिल्या टप्प्यात दीडशे खोल्या होत्या, पुढे साडेसहाशेहून अधिक करायचा बेत होता. त्याच वर्षी संसर्ग वाढला आणि ही जागा करोनाबाधितांच्या देखभालीसाठी वापरावी लागली. तुरुंगातल्या मुलाखतीसारख्या या भेटीसाठी माणसे हजारो मैल उडून येणार होती, यावरून प्रत्यक्ष भेटीची किंमत व्यापारजगताच्या लेखी किती आहे ते कळते.

पण त्यातून दुसरीही गोष्ट कळते, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. दोन दिवसांसाठी येऊन करार करणाऱ्या पाहुण्यासाठी काचेची दालने बांधली गेली. त्याच सुमारास त्याच शहरात दहा दहा वर्षे राहिलेला, कर भरणारा, मुले तिथल्या शाळेत घातलेला परवानाधारक मात्र रांगेत उभा होता. २२ एप्रिल २०२१ रोजी घोषणा झाली आणि २३ एप्रिलच्या रात्रीपासून, गेल्या चौदा दिवसांत भारतात राहिलेल्या परवानाधारकांना आणि पाहुण्यांना सिंगापूरचे दार बंद झाले. प्रवेशाची परवानगी आधीच मिळालेल्यांनाही. नागरिक आणि कायम रहिवासी तेवढे येऊ शकत होते. दुसऱ्या लाटेचे ते दिवस होते. महाराष्ट्रात प्राणवायूसाठी आणि खाटांसाठी वणवण चालली होती. वडिलांना रुग्णालयात दाखल करण्यासाठी धावत गेलेला माणूस बायकोमुलांपासून, घरापासून आणि नोकरीपासून तुटला. ही बंदी थेट २६ ऑक्टोबरपर्यंत टिकली, म्हणजे सहा महिन्यांहून अधिक, आणि उठली तीही हॉटेलातल्या दहा दिवसांच्या अटीसह.

सिंगापूरची बाजू समजून घेता येते. बेट लहान, रुग्णालये मोजकी, नवा उत्परिवर्तित विषाणू, आणि एप्रिलअखेरीस टॅन टॉक सेंग रुग्णालयातच साथीचा उद्रेक झालेला. सरकारचे पहिले उत्तरदायित्व नागरिकांशी असते, हे सूत्रही नाकारता येणार नाही. परंतु परवान्यावर राहणाऱ्या माणसाला त्या रात्री एक गोष्ट लख्ख कळली: त्याचे वास्तव्य म्हणजे त्याच्या नोकरीची सोय आहे, हक्क नव्हे. ती जाणीव करोनासोबत जाणारी नाही. कायम निवासाचा अर्ज वर्षानुवर्षे लांबणीवर टाकणाऱ्या अनेक घरांत त्यानंतर तो विषय नव्याने निघाला असेल, तर नवल नाही.

वातावरणही त्या काळात बिघडले होते. १८ मे रोजी दिल्लीचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी लहान मुलांना घातक ठरणाऱ्या 'सिंगापूर स्वरूपा'च्या विषाणूचा उल्लेख करून विमाने थांबवण्याची मागणी केली. असे काही स्वरूप अस्तित्वात नव्हते. सिंगापूरने भारतीय उच्चायुक्तांना पाचारण केले, आणि दिल्लीचे मुख्यमंत्री भारताच्या वतीने बोलत नाहीत, असे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांना जाहीरपणे सांगावे लागले. इकडे सिंगापुरात भारतासोबतच्या २००५ च्या सर्वंकष आर्थिक सहकार्य करारावरची जुनी नाराजी उफाळून आली आणि जुलैमध्ये संसदेत मंत्र्यांना त्याचा खुलासा करावा लागला. विषाणूला पारपत्र नसते, पण त्याच्यावरून होणाऱ्या भांडणांना ते असते.

रोगापासून बचावासाठी माणसे अडवून ठेवणे ही दोन्ही ठिकाणांची जुनी रीत. सिंगापूरच्या दक्षिणेच्या सेंट जॉन्स बेटावर १८७४ पासून विलगीकरण केंद्र होते. जहाजांतून आलेल्या मजुरांना आणि यात्रेकरूंना तेथे उतरवत. महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये ज्या कायद्याचा आधार घेतला, तो १८९७ चा साथरोग कायदा तर मुंबई-पुण्याच्या प्लेगचाच वारसा. त्याच महिन्यात राज्यात परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले, आणि जर्मनीहून आलेल्या, तसे शिक्के असलेल्या चार प्रवाशांना पालघरला रेल्वेतून उतरवण्यात आले. सिंगापूरने त्यासाठी इलेक्ट्रॉनिक मनगटपट्टा काढला. नियम मोडणाऱ्याला दहा हजार डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. परवाना रद्द होणे वेगळेच. हॉटेलातच दुसऱ्या मजल्यावर उतरलेल्या वाग्दत्त वधूला भेटायला खोलीबाहेर पडलेल्या एका ब्रिटिश प्रवाशाला फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन आठवड्यांचा कारावास झाला. शिक्षा कडक, पण ती कशासाठी आणि किती, याविषयी कोणाला संभ्रम नव्हता.

प्रवासी आणि कंपन्या या दोघांच्या दृष्टीने खरा फरक येथे आहे. चौदा दिवसांचे विलगीकरण कंपनीच्या अंदाजपत्रकात मांडता येते. दिवस मोजता येतात, खोलीचे भाडे धरता येते, काम संगणकावरून करून घेता येते. जे विमान सुटल्यावर बदलते ते मांडता येत नाही. सिंगापूरचे नियम बहुधा मध्यरात्रीच्या एक मिनिट आधीपासून लागू होत आणि कोणाला लागू, कोणाला नाही, हे तेवढ्याच नेमकेपणाने सांगितलेले असे. एप्रिलमध्ये दिलेल्या परवानग्या एका दिवसात रद्द झाल्या, तेव्हा नेमकी याच विश्वासाला तडा गेली. महाराष्ट्रातल्या त्या घोळात नियम कडक की सौम्य हा वादाचा मुद्दाच नव्हता. तो दोन सरकारांपैकी कोणाचा पाळायचा, हेच दोन दिवस ठरत नव्हते.

त्या नव्या मार्गातही अटी थोड्या नव्हत्या. नागरिक आणि कायम रहिवासी वगळता इतरांना आगाऊ प्रवासपरवाना काढावा लागत होता. मुक्रर विमानानेच यावे लागत होते. बेंगळूरु किंवा हैदराबादहून निघणाऱ्याला आधी या तीन शहरांपैकी एक गाठावे लागत होते, आणि पुणे-नागपूरकरांना मुंबई. लस जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली हवी होती. पुण्याच्या सीरमची कोविशिल्ड घेतलेल्यांना ही अडचण नव्हती; कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना मात्र संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबरला मिळेपर्यंत थांबावे लागले, आणि परदेशात लेकीकडे जाऊ इच्छिणाऱ्या कितीतरी आजी-आजोबांनी, जवळच्या केंद्रावर मिळाली ती, म्हणून हीच लस घेतली होती. ओमायक्रॉनमुळे डिसेंबर २०२१ मध्ये निघण्यापूर्वीच्या चाचणीसोबत, उतरल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांतही पुन्हा चाचण्या द्यायच्या होत्या. कतार, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातींसाठी ६ डिसेंबरला उघडणारा मार्ग सिंगापूरने पुढे ढकलला. भारतासाठीचा तेव्हा चालू होता.

भारताची नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा १५ डिसेंबरपासून सुरू होणार होती. तोही निर्णय १ डिसेंबरला स्थगित झाला. सिंगापुरातील शाळांना तेव्हा वर्षाखेरीची सुट्टी होती आणि दोन वर्षे न भेटलेल्या आजी-आजोबांकडे निघालेली कुटुंबे तिकिटे हातात घेऊन बसली होती. त्या नियमांनुसार १० डिसेंबरला मुंबईत उतरणाऱ्याचा पहिला आठवडा घरात जाणार होता, आठव्या दिवशी चाचणी होणार होती आणि परतीचे विमान २५ तारखेचे असेल, तर त्याआधी दोन दिवसांच्या आत आणखी एक. कंपनीने दोन आठवड्यांची रजा दिली असेल, तर आप्तांच्या वाट्याला उरणार होता तो त्यातला अर्धा भाग, आणि तोही यादी पुन्हा बदलली नाही तर.