किल्ली हरवली म्हणून कुलूप फोडायचं?

परवाच्या रविवारी कांदिवलीच्या घरी आमच्यात जे काही वाजलं, त्याचं कारण माझ्या करंगळीएवढं होतं. एक किल्ली! नातेवाईक मंडळींपैकी निम्म्यांना एव्हाना फोनवरून एक बाजू कळलेली आहे (दादा, तुझीच!), तेव्हा दुसरी बाजू इथे लिहून ठेवतो. ब्लॉगवाल्या मित्रांनो, घरगुती भांडण आहे म्हणून पान बंद करू नका. तुमच्याही घरात अशी एखादी किल्ली हरवलेली असणार.

तर, डहाणूकरवाडीतली आमची तीन मजली बिल्डिंग पाडायला निघाली आहे. रिडेव्हलपमेंट. महिनाअखेर घरं रिकामी करायची. सामान जाईल हो, पण जिन्याखाली बाबांची १९७१ची जावा उभी आहे, तिचं काय? बाबा २०१९ मध्ये गेले. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी हँडल डावीकडे वळवून लॉक केलं, ते आजतागायत तसंच. आणि किल्ल्यांचा जुडगा गायब. कुणी हरवला, ते शेवटी सांगतो.

ज्यांनी जुनी जावा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. म्हैसूरला इराणी कुटुंबाने काढलेल्या आयडियल जावा या कारखान्यात साठच्या दशकापासून या गाड्या बनत. झेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीशी करार होता. पुढे सत्तरच्या दशकात त्याच कारखान्याच्या गाड्या 'येझ्दी' नावाने येऊ लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परत आलं खरं, पण ती गाडी वेगळी, तिचं इंजिन वेगळं. आमच्या जिन्याखालच्या म्हातारीला तिचा उपयोग नाही.

या गाडीला दोन किल्ल्या. एक हेडलाइटच्या डोक्यावरच्या भोकात खुपसायची, जाड खिळ्यासारखी. तिला दात नाहीत. एका जावाची दुसऱ्या जावाला बिनदिक्कत चालते! म्हणजे ते कुलूप नव्हेच, नुसता खटका. बॅटरीचा करंट कॉइलपर्यंत जोडायचा आणि तोडायचा, एवढंच त्याचं काम. खरं कुलूप ते हँडलचं, गाडीच्या मानेपाशी. त्याची किल्ली छोटी, चपटी, दातांची. अडलंय ते तिच्यापाशी.

आता सल्ले ऐका. फुकट मिळाले तीन.

पहिला सल्ला दादाचा. "भंगारवाला उचलून नेईल, चार पैसेही देईल." दुसरा, ओळखीच्या एका मेकॅनिकचा. "हँडलला एक जोरात हिसका, लॉक तुटतंय. पाच मिनिटं." तिसरा एका स्पेअर पार्टवाल्याचा. "साहेब, सगळा सेटच बदलून टाका. नवीन पद्धतीचा इग्निशन स्विच बसवू, हेडलाइटचं भोक थोडं मोठं करावं लागेल, पण एका किल्लीत काम!"

तिघांचं म्हणणं वेगवेगळं वाटतं ना? मला ते एकच वाटतं. किल्ली हरवली म्हणजे वस्तू मेली, असं तिघांनीही मनाशी धरलंय. माझं भांडण याच्याशी आहे.

हिसक्याचं बघा. कुलपाची जीभ ज्या खाचेत बसते ती खाच गाडीच्या मानेत असते. हिसका दिला की जीभ वाकते किंवा तुटते, कधी तुटका तुकडा आतच अडकतो आणि खाच फाकते. ज्या मानेवर पुढचं चाक पेललेलं असतं तिथे हातोडीछिन्नीचे प्रयोग करायचे, का, तर पाच मिनिटं वाचावीत म्हणून! आणि जी किल्ली मुळात हरवलेलीच नाही असं म्हणता येईल, कारण कुठल्याही खिळ्याने भागतं, त्या हेडलाइटच्या खटक्याचा 'सेट' बदलायला मूळ पत्र्याचं भोक का वाढवायचं? दुखतंय गुडघ्यात आणि ऑपरेशन डोळ्याचं!

मग केलं काय? स्टेशनकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक चावीवाले चाचा बसतात. पत्र्याची पेटी, तारेत ओवलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. त्यांना घेऊन आलो. गाडीला हात लावायच्या आधी त्यांनी काय विचारलं असेल? "पहले आरसी दिखाओ." मी बाबांच्या नावाचं आरसी बुक आणि माझं आधार कार्ड दाखवलं, त्यांनी आडनाव जुळवून पाहिलं, वर खिडकीतून आई "अहो, आमचीच आहे" म्हणाली, तेव्हा पेटी उघडली. या माणसांकडे आपण संशयाने बघतो. मला सल्ला देणाऱ्या तिघांपैकी हिसकावाला आणि सेटवाला या दोघांनीही गाडी कुणाची हे विचारलं नव्हतं, हे मात्र नोंदवून ठेवतो.

पुढचा पाऊण तास मी उकिडवा बसून बघत होतो. कुलपात आधी तेल सोडलं, धूळ काढली. मग कोरी किल्ली आत घालून हलका पीळ द्यायचा, वरखाली हलवायची आणि बाहेर काढायची. आत पितळी पत्र्यांची रांग असते, प्रत्येकीखाली स्प्रिंग. जी पत्री अजून वर आलेली आहे ती कोऱ्या किल्लीवर बारीकशी खूण सोडते. खूण असेल तिथेच कानस दोनदा फिरवायची. पुन्हा आत, पुन्हा पीळ, पुन्हा बाहेर. चाचा किल्ली उन्हाकडे तिरकी धरून बघत होते. मला काही म्हणता काही दिसत नव्हतं. सगळ्या पत्र्या एका रेषेत आल्या की खूण उमटायची थांबते आणि कुलूप फिरतं. फिरलं! साडेतीनशे रुपये. चाचांनी वर खिळा-किल्लीही पितळेच्या सळईची घासून दिली, तिचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

दादाचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे, तो टाळून चालणार नाही. तो म्हणाला, "जुडगा ज्याला सापडला तो उद्या गाडी नेईल त्याचं काय?" बरोबर आहे. जुडग्यासोबत पत्ता किंवा कागद गेले असतील, तर नुसती दुसरी किल्ली करून भागत नाही. पण तेव्हाही कुलूप फेकायची गरज नसते. नळी बाहेर काढता येत असेल तर आतल्या पत्र्यांची जागा बदलता येते. तेच कुलूप, नवी किल्ली, जुनी किल्ली बाद. हा मार्ग मला कुणी दुकानदाराने सांगितला नाही, चाचांनी सांगितला. कारण उघड आहे, त्यात विकायला काही नाही! आणि खरं सांगायचं तर पन्नास वर्षांपूर्वीचं हँडल लॉक चोराला फार वेळ अडवत नाही. त्याला अडवायला चाकातून ओवलेली जाड साखळी लागते. ती मी त्याच दिवशी आणली.

"एवढ्याशा किल्लीचं काय घेऊन बसलास?" असं वहिनी म्हणाली. वहिनी, सांगतो. आज नवीन गाडीच्या किल्लीत चिप असते. काही गाड्यांत दोन्ही किल्ल्या हरवल्या तर नुसतं कुलूप नाही, इंजिनाचा कंट्रोल युनिटसुद्धा बदलायची पाळी येते. चोरी रोखायला चिप चांगलीच, नाही कोण म्हणतो? पण किल्ली करायची कला आणि हक्क कंपनीच्या कपाटात गेला. आपली वस्तू दुरुस्त करायचा हक्क, 'राइट टू रिपेअर', याची चर्चा आपल्याकडे सरकारी पातळीवर २०२२ मध्ये आली. ग्राहक व्यवहार खात्याने समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल काढलं, आणि त्यात मोटारगाड्याही आहेत. उत्तम. पण हक्क कागदावर आला आणि आपणच "सेट बदला" म्हणत राहिलो, तर तो वापरणार कोण? कानस धरणारा माणूस कडेला बसलेला आहे तोवर त्याच्याकडे गेलं पाहिजे. उद्या तो नसेल.

आता उलट्या टोकाच्या मंडळींनाही दोन शब्द. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. आमची जावा वयाने त्यात बसते. लगेच एकाने सुचवलं की मग किल्लीसुद्धा मूळ कंपनीचीच शोध, इंटरनेटवर मिळेल. कशाला? त्या नियमाला चॅसी, बॉडी, इंजिन मूळचं हवं आहे, किल्लीच्या कडीवरची अक्षरं नव्हे. शिवाय असली नोंदणी झाली की गाडी रोज बाजारात नेता येत नाही. बाबांनी ही गाडी भाजी आणायलाच वापरली. मला ती शोभेला ठेवायची नाहीये.

असो. आता कबुली. जुडगा मीच हरवला. बाबांच्या दिवसांनंतर आठवण म्हणून मी तो ठाण्याला नेला आणि आमच्या घरबदलात गेला कुठेतरी. मी ठाण्यात बसून आठवणी काढत होतो आणि इथे सोसायटीच्या नोटिसा घेत होता दादा. जिना उतरताना रोज ती गाडी त्याला दिसत होती, मला नाही. भंगाराचं तो वैतागून म्हणाला, हे मला पाऊण तास उकिडवं बसल्यावर कळलं. तेव्हा दादा, कुलपाबद्दल माझंच खरं, पण बाकीच्याबद्दल तुझं.

गाडी टेम्पोत घालून ठाण्याला आणली आहे. अजून चालवलेली नाही, चालवता येणारही नाही. मालक वारल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. आम्हा दोघा भावांपैकी कुणीही ते केलेलं नाही. ही किल्ली काही चाचा करून देणार नाहीत. पुढच्या शनिवारी दादा, तू आणि मी मिळून ते कागद भरू. आईच्या आणि तुझ्या सह्या लागतील.

नव्या किल्ल्या तीन केल्या आहेत. एक तुझ्या घरी राहील.