गोल्फला घातलं तर...

इथे अमेरिकेत, आपल्या मंडळाच्या गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत एका वडिलांनी मला गाठलं. एका हातात कागदी ताटली, दुसऱ्या हातात धाकट्याचं मनगट. म्हणाले, "काय हो, मुलीला गोल्फला घातलं तर कॉलेज फुकट होतं म्हणे?" पलीकडे मसालेभात वाढणाऱ्याचा डाव हवेतच थांबला. त्याच्याही घरी नववीतला मुलगा आहे.

रांग पुढे सरकली, पण त्यानंतरच्या महिन्याभरात हाच प्रश्न मला आणखी तिघांनी विचारला. तेव्हा प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा या अंकाची संपादकीयाची जागा त्यासाठीच वापरते. दिवाळीच्या शुभेच्छा पान दोनवर आहेतच.

तर, नाही. फुकट होत नाही. अगदी थोड्यांचं होतं, आणि त्यांच्या आईवडिलांनी तोवर स्पर्धांच्या प्रवेश फीपायी, हॉटेलांपायी आणि विमानांपायी जे घातलेलं असतं, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

आकडे बघा. कॉलेजातल्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, मुलांच्या गोल्फ संघाला 2024-25 पर्यंत जास्तीत जास्त साडेचार शिष्यवृत्त्या देता येत. मुलींच्या संघाला सहा. दुसऱ्या श्रेणीत मुलांना 3.6 आणि मुलींना 5.4. हे अपूर्णांक वाचून हसू येतं, पण खरी गोम त्यातच आहे. संघात आठ-दहा जण, शिष्यवृत्त्या साडेचार. कोच त्या चतकोर-नितकोर करून वाटतो. कुणाला फीचा निम्मा भाग, कुणाला पुस्तकांचे पैसे, कुणाला नुसता संघाचा टी-शर्ट. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायचीच नाही असा नियम, आणि आपल्या मंडळींच्या तोंडी जी आयव्ही लीगची नावं सतत असतात, तीही खेळासाठी पैसे देत नाहीत. तिथे गोल्फचा उपयोग झाला तर दार उघडायला होतो, फी भरायला नाही.

जून 2025 मध्ये एका मोठ्या खटल्यात न्यायालयाने तडजोड मंजूर केली आणि 2025-26 पासून गणित बदललं. तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा उरली नाही. त्याऐवजी संघच जास्तीत जास्त नऊ जणांचा केला. ऐकून आपल्यातले काही जण हुरळले. आता नऊच्या नऊ पूर्ण शिष्यवृत्त्या! देता येतात, हे खरं. द्याव्याच लागतात, असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि संघात दहावा, अकरावा म्हणून राहून हळूहळू वर यायची जी सोय होती, ती मात्र गेली. त्या नऊ जागांसाठी फक्त आपल्या राज्यातली मुलं भांडत नाहीत. स्वीडन, थायलंड, इंग्लंडमधून तयार होऊन आलेली मुलंही असतात.

अभ्यासाचं काय, हा प्रश्न आपल्याकडे आधी यायला हवा होता, पण येत नाही. डिव्हिजन वनमध्ये खेळायला हायस्कूलचे ठरवून दिलेले 16 मुख्य विषय पूर्ण करावे लागतात आणि त्यांत किमान 2.3 जीपीए लागतो. हा उंबरठा झाला. कोचला मात्र जास्त मार्कांची मुलं आवडतात, कारण अभ्यासाच्या बळावर मिळणारी मदत त्याच्या वाट्यातून जात नाही. अकरावीत चांगले मार्क असलेल्या मुलाला गोल्फपेक्षा गणितच जास्त पैसे मिळवून देतं, हे मी इथे छापील अक्षरांत लिहून ठेवते.

म्हणजे हा रस्ता आपल्यासाठी नाहीच असं मी म्हणत नाही. चंडीगढचा जीव मिल्खा सिंग टेक्सासमधल्या ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठात शिकला आणि 1993 मध्ये डिव्हिजन टूचं वैयक्तिक विजेतेपद त्याने मिळवलं. खेळ वेगळा, पण आपल्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमसाठी टेनिस खेळली, परत गेली आणि 2023 मध्ये हांगझाऊच्या एशियाडमध्ये रोहन बोपण्णाच्या जोडीने मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आली. या दोघांच्याही बाबतीत खेळ आधी आला, कॉलेज मागून. रांगेतल्या त्या वडिलांनी कॉलेज आधी ठरवलं होतं, खेळ मागून शोधत होते.

पण त्यांना नावं ठेवायला मी कोण? मी खापरखेड्याची. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या पूर्वीच्या छोट्या लाईनवरचं गाव. एका बाजूला औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला सिल्लेवाडा, वलनीच्या कोळशाच्या खाणी, जवळून कन्हान नदी. दोरीवरचे कपडे झटकूनच घडी घालायचे, नाहीतर राख घरात येते. आमचे बाबा पॉवर हाऊसला शिफ्टमध्ये. कॉलनीत खेळाला मान होता, पण तो एका कारणासाठी. "खेळाडू कोट्यातून चिकटला," हे वाक्य आम्ही लहानपणी इतकं ऐकलं, की खेळ हा नोकरीच्या अर्जातला एक रकाना आहे अशीच माझी समजूत होती. तिथे नोकरी, इथे कॉलेजची फी. रकाना तोच.

त्याच पट्ट्यातल्या एका मुलाची गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक आहे. उमेश यादव. वडील तिलक यादव कोळसा खाणीत कामगार. पोराला सरकारी नोकरी लागावी, एवढीच इच्छा. पोरगा सैन्यासाठी धडपडला, पोलीस भरतीला गेला. दोन्ही जमलं नाही. टेनिस बॉलने जोरात टाकायचा. कॉलेजच्या संघात खेळायला गेला, तर कुठल्या क्लबकडून खेळलेला नाहीस म्हणून घेतलं नाही. अमेरिकेत कोच मुलांच्या मागे फिरतात असं आपण ऐकतो. इकडे पुढे कसोटी खेळलेल्या गोलंदाजाला कॉलेजनेच परत पाठवलं! मग 2007 च्या सुमाराला तो विदर्भ जिमखान्यात गेला आणि तिथून खऱ्या अर्थाने लेदर बॉल हातात आला. नोव्हेंबर 2008 मध्ये रणजी, 2010 मध्ये भारताच्या एकदिवसीय संघात, आणि नोव्हेंबर 2011 मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी. विदर्भातून कसोटी खेळलेला तो पहिला. पुढे 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याला नागपुरात सहायक व्यवस्थापकाची नोकरी दिली. खेळाडू कोट्यातून! वडिलांची इच्छा अशी फिरून पूर्ण झाली. माझी त्या घराशी ओळख नाही, उगाच गावाच्या नावावर मिरवत नाही. पण एवढं दिसतं, की त्या घरात कुणी "क्रिकेटला घातलं तर" असा हिशेब केलेला नव्हता.

आता गोल्फमधल्या त्या वाटेबद्दल, जिच्याविषयी मला एकानेही विचारलं नाही. गोल्फर लोकांच्या बॅगा खांद्यावर घेऊन चालणाऱ्या कॅडी मुलांसाठी इथे एक पूर्ण शिष्यवृत्ती आहे, इव्हान्स स्कॉलर्स. शिकागोचा चिक इव्हान्स स्वतः कॅडी होता. 1916 मध्ये त्याने यूएस ओपन आणि यूएस ॲमॅच्युअर या दोन्ही स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. गोल्फ शिकवणाऱ्या त्याच्या ध्वनिमुद्रिकांचे पैसे स्वतः घेतले असते तर हौशी खेळाडू हा त्याचा दर्जा गेला असता. मग आईच्या सल्ल्याने ते पैसे कॅडींच्या शिक्षणासाठी ठेवले आणि 1930 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पहिले दोन विद्यार्थी दाखल झाले. आजवर हजारो जण या शिष्यवृत्तीवर पदवीधर झालेत. फी आणि राहणं, दोन्ही मिळतं. बघतात काय? कॅडीचं काम, मार्क, वागणूक आणि घरची गरज. गोल्फ किती चांगला खेळता, हे विचारत नाहीत.

गरजेच्या अटीत आपल्यातली आयटीवाली बरीच घरं बसणार नाहीत. आमचंही बसत नाही. पण मंडळात सगळेच आयटीवाले आहेत, हाही आपला एक गोड गैरसमज. हॉटेलच्या किचनमध्ये, किराणा दुकानात, वृद्धांच्या सेवेत काम करणारी घरंही आपल्यात आहेत. ती महाप्रसादाला येतात आणि चर्चेत बोलत नाहीत.

आमची मुलगी मागच्या उन्हाळ्यात कॅडी म्हणून गेली. पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ, मोजे गवताने हिरवे, आणि खिशात घामाने ओल्या झालेल्या घडी घातलेल्या नोटा. त्या तिने ओट्यावर एकेक करून वाळत घातल्या. तेवढ्यात खापरखेड्याहून व्हिडिओ कॉल. आजीने वळ पाहिला. "काऊन गं, लोकायच्या बॅगा उचलून राह्यली? तिथं शिकाले गेली का हमाली कराले?" मी काही बोलायच्या आत मागून बाबांचा आवाज आला, "बॅगच उचलते ना, कोळसा तं नाही."

ती गोल्फ खेळते बरी, शिष्यवृत्तीइतकी नाही. पण अठरा होल कुणाच्या तरी मागे चालताना कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हे तिला कळायला लागलंय. घरी अजून त्याचा प्रयोग झालेला नाही.

त्या वडिलांना मी उलट विचारलं होतं, मुलगी केवढी आहे? सात वर्षांची. तिला आवडतं का? "तिला अजून विचारलं नाही," ते म्हणाले, आणि रांग पुढे सरकली.

दोन विनंत्या. ज्यांच्या गराजमध्ये लहान मुलांच्या मापाचे जुने गोल्फ क्लब पडून असतील, त्यांनी ते दिवाळीच्या कार्यक्रमाला घेऊन यावं आणि मुलाची तेव्हाची उंची चिठ्ठीवर लिहून बॅगेला बांधावी. आणि नववी-दहावीतल्या ज्या मुलांना पुढच्या उन्हाळ्यात कॅडीचं काम करून पाहायचंय, त्यांनी, म्हणजे मुलांनी स्वतः, मला येऊन भेटावं. मी नाश्त्याच्या टेबलाजवळ असेन, पोह्यांवर तर्री घालायला.