पात्र ठरलो म्हणजे सीट मिळाली नव्हे

बल्लारपूर, ब्रह्मपुरी, देसाईगंजकडची आपली मुलं-मुली बीयूएमएस करायला मालेगाव, पुण्याला जातात. पुढे एमडी करायचं तर आयुषची पीजी प्रवेश परीक्षा, एआयएपीजीईटी. 120 प्रश्न, 480 मार्क, चुकलं की एक मार्क कापला. युनानीचा पेपर उर्दूतूनही देता येतो.

पात्रता खुल्या वर्गाला 50 पर्सेंटाइल, ओबीसीला 40. घरोघरी गैरसमज होतो तो इथंच. 50 पर्सेंटाइल म्हणजे 240 मार्क नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी निम्मे तुमच्या मागे, एवढंच. मध्यम मार्कांचा मुलगा पात्र ठरतो, मिठाई वाटली जाते, आणि काउन्सेलिंगमध्ये त्याची पाळी येईपर्यंत मोआलजातच्या जागा संपलेल्या असतात. 2023 मध्ये नीट-पीजीचा कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणला होता, पण ती एमबीबीएसवाल्यांची परीक्षा. त्या भरवशावर राहू नका.

मार्क कमी असतील तर कुल्लियात, तहफ्फुजी व समाजी तिबसारखे विषयही पसंतीक्रमात भरा. शिकवण्याची आवड असेल तर हे विषय वाईट नाहीत (मास्तर आहे, म्हणून म्हणतो). आणि कागदपत्रं! जात ओबीसीत असूनही दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमीलेअर वेळेत नसेल तर मूल खुल्या वर्गात जातं. हे काम निकालानंतर नाही, इंटर्नशिपमध्येच उरका.

सीट नाहीच मिळाली तर वर्षभर घरी बसवू नका. उपकेंद्रांच्या समुदाय आरोग्य अधिकारी भरतीत बीयूएमएसवाल्यांनाही घेतलेलं आहे. गडचिरोलीत मलेरियाचे जितके पेशंट बघायला मिळतील, तितके पुण्यात नाही मिळणार.